वारसांगली लिनेट धोक्यात आहे म्हणजे नेमकं काय? रेड लिस्ट स्वतः वाचायची पद्धत

ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. एका रंगीबेरंगी पक्ष्याचा फोटो, खाली तीन लाल सायरन, आणि "आफ्रिकेतला हा दुर्मिळ पक्षी आता काही दिवसांचाच सोबती, जास्तीत जास्त शेअर करा". नाव दिलंय वारसांगली लिनेट, त्यामुळं सांगली-मिरजेत तो जरा जास्तच पळतोय, एका काकांनी तर विचारलंच की "अरे हा आपल्याकडनं तिकडं गेला का तिकडनं इकडं आला?" काका, दोन्ही नाही हो. वारसांगली हे सोमालियातल्या एका कुळाचं नाव, त्यांच्या मुलखात सापडला म्हणून पक्ष्यालाही तेच चिकटलं, आपल्या सांगलीशी काडीचा संबंध नाही.

आणि मेसेजमधल्या फोटोत जांभळी छाती, पिवळंधमक पोट, हिरवी पाठ दिसतीय ना, तो गोल्डियन फिंच आहे, ऑस्ट्रेलियातला, पेट शॉपमध्ये पिंजऱ्यात बसलेला असतो तोच. म्हणजे फोटो एका खंडातला, नाव दुसऱ्या खंडातलं, आणि "काही दिवसांचाच" हा हिशोब तर कुठला ते देवालाच माहीत. तरी गंमत अशी की मेसेजमधली मूळ गोष्ट खोटी नाही, वारसांगली लिनेट खरंच रेड लिस्टवर, म्हणजे कुठली जात किती धोक्यात आहे ते सांगणाऱ्या जागतिक यादीवर, संकटग्रस्त म्हणून आहे. फक्त "संकटग्रस्त" म्हणजे काय, ते कोण ठरवतं आणि कशावरनं, हे न बघता नुसतं ढकलत राहिलं की बातमीचा पार चोथा होतो.

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतो, ५ ते १२ तारीख, शाळा-कॉलेजात चार्ट लागतात, आणि दर वर्षी निम्म्या चार्टवर "दुर्मिळ", "धोक्यात", "नामशेष" हे तीन शब्द कसेही टाकलेले असतात. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू. मोबाइलवर होण्यासारखं काम आहे, कुठला कोर्स लागत नाही, फक्त इंग्रजी पान वाचायची थोडी तयारी ठेवा.

आधी नाव पकडा, तेही लॅटिन

पहिलं काम म्हणजे पक्ष्याचं शास्त्रीय नाव शोधणं. साधी इंग्रजी नावं बदलत राहतात, मराठी नावं तर गावोगावी वेगळी, आणि "फिंच" या शब्दाखाली लोक काहीही कोंबतात. आपल्याकडं उसाच्या कडेला, ज्वारीच्या कणसावर लोंबकळणाऱ्या ठिपकेदार मुनिया असतात, पावसाळ्यात गवतात लाल मुनियाचा नर दिसतो, अंगभर पांढरे ठिपके असलेला, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे असतात, या सगळ्यांना चोच जाड आणि खाणं बी म्हणून कोणीही फिंच म्हणून मोकळं होतं. पण मुनिया वेगळ्या कुळातल्या, सुगरण तिसऱ्याच कुळातली, आणि लिनेट, कॅनरी, हिवाळ्यात आपल्याकडं येणारा रोझफिंच हे खरे फिंच, म्हणजे फ्रिंजिलिडी कुळातले. स्टेटस, म्हणजे रेड लिस्टमधला दर्जा, बघताना याचा फरक पडतो, कारण चुकीच्या पक्ष्याचं पान उघडलं की पुढचं सगळंच चुकलं.

वारसांगली लिनेटचं आत्ताचं शास्त्रीय नाव लिनारिया योहानिस. १९१९ साली त्याचं पहिलं वर्णन झालं तेव्हा त्याला वारसांग्लिया असा स्वतंत्र वंश (जीनस, म्हणजे नावाचा पहिला अर्धा भाग) दिला होता, मधे कार्डुएलिसमध्ये टाकला, आता लिनारियात आहे. जुन्या पुस्तकात जुनं नाव दिसलं तर घाबरू नका, पक्षी तोच असतो. नावाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे "योहानिस", तो बहुतेक तसाच राहतो, त्यावरनं सर्च केलं की बरोबर सापडतो.

पक्षी दिसायला कसा, तेही इथंच बघून घ्या म्हणजे पुढं फोटो तपासता येईल. वरनं राखाडी, कपाळ आणि भुवई पांढरी, खालनं पांढरा, पंखात पांढरा पट्टा, आणि कुशीला नि शेपटीच्या वरच्या बाजूला तांबूस-विटकरी रंग. साधासुधा, छान पक्षी. सायरन लावण्याइतका झगमगीत अजिबात नाही, म्हणूनच मेसेजवाल्यानं दुसऱ्याचा फोटो लावला असणार.

मग रेड लिस्टचं पान उघडा

रेड लिस्ट म्हणजे आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संस्थेची यादी. संस्था १९४८ सालची, यादी १९६४ पासूनची. पक्ष्यांपुरतं बोलायचं तर मूल्यांकन करायचं काम बर्डलाइफ इंटरनॅशनल या पक्षीसंवर्धन संस्थेकडं आहे, त्यामुळं बर्डलाइफच्या डेटाझोन साइटवर आणि रेड लिस्टच्या साइटवर साधारण तीच माहिती दिसते. दोन्ही साइट फुकट, वाचायला लॉगिन लागत नाही, नकाशाचा डेटा वगैरे डाउनलोड करायचा असेल तरच अकाउंट काढावं लागतं.

विकिपीडियावरनं सुरुवात केली तरी चालेल, उजवीकडच्या चौकटीत स्टेटस दिलेलं असतं, पण ते कोणीतरी कधीतरी भरलेलं असतं आणि मूल्यांकन पुढं सरकलं तरी तिथं जुनंच राहू शकतं. तिथल्या संदर्भाच्या लिंकवर टिचकी मारून मूळ पानावर जायचं. एआयला विचारून उत्तर घेतलं असेल तर तेही इथं येऊन तपासा, कॅटेगरीचं एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं की अर्थ पार बदलतो.

पान उघडलं की सगळ्यात वर एक रंगीत गोल दिसेल, आत दोन इंग्रजी अक्षरं. वारसांगली लिनेटला नारिंगी गोल आणि ईएन, म्हणजे एन्डेंजर्ड, संकटग्रस्त. या गोलांची उतरंड अशी: ईएक्स म्हणजे नामशेष, ईडब्ल्यू म्हणजे रानातनं गेलेला, फक्त पिंजऱ्यात किंवा प्राणीसंग्रहालयात उरलेला, सीआर म्हणजे अतिसंकटग्रस्त, मग ईएन संकटग्रस्त, मग व्हीयू म्हणजे असुरक्षित. सीआर, ईएन आणि व्हीयू या तिघांना मिळूनच "थ्रेटन्ड" म्हणतात. त्याखाली एनटी, संकटाच्या जवळ आलेला, आणि एलसी, ज्याची फार काळजी नाही असा. डीडी म्हणजे माहितीच पुरेशी नाही. एनई म्हणजे अजून मूल्यांकनच झालेलं नाही.

डीडीबद्दल एक सांगतो, याला लोक "सेफ" समजतात, अगदी उलटं असू शकतं. काँगोमध्ये ब्लॅक-लोर्ड वॅक्सबिल नावाचा एक चिमुकला पक्षी आहे, मुनियाच्या कुळातला, उपेंबा तळ्याच्या आणि लुआलाबा नदीच्या भागातनं माहीत असलेला, आणि १९५० नंतर त्याची खात्रीची नोंदच नाही. तो आहे, गेला, का साध्या वॅक्सबिलचाच एक प्रकार आहे, हे ठरवायला हातात काही नाही, म्हणून डीडी. त्याला सेफ समजून चार्टवर लिहिलं तर तोंडघशी पडाल.

आता खरी गंमत, कोड

बहुतेक जण रंगीत गोल बघून परत फिरतात. माझं म्हणणं असं की गोल फक्त निकाल आहे, खरी माहिती त्याच्या खालच्या कोडमध्ये असते, आणि तो वाचता आला की कुठल्याही मेसेजची हवा तुम्ही एका मिनिटात काढू शकता.

कॅटेगरी ठरवायला पाच कसोट्या आहेत, ए, बी, सी, डी, ई. कुठल्याही एका कसोटीवर बसला तरी पुरे, पाचही लागत नाहीत.

ए म्हणजे संख्या किती वेगानं घसरली. दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातलं जे जास्त असेल तेवढ्या काळात ३० टक्के घसरण असेल तर व्हीयू, ५० टक्के असेल तर ईएन, ८० टक्के असेल तर सीआर. घसरणीचं कारण कळलेलं असेल, थांबलेलं असेल आणि उलटवता येण्यासारखं असेल तर हेच आकडे अजून वर जातात. फिंचसारख्या छोट्या पक्ष्यांची पिढी लवकर बदलते, त्यामुळं त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा दहा वर्षांचाच हिशोब लागतो.

बी म्हणजे पक्षी किती जागेत राहतो. हे जरा खोलात जाऊन सांगतो कारण आफ्रिकेतल्या डोंगरी फिंचच्या बाबतीत बहुतेक वेळा हीच कसोटी महत्त्वाची ठरते आणि लोकांना हीच कळत नाही.

इथं दोन प्रकारचं क्षेत्र मोजतात. एक म्हणजे विस्तार, इंग्रजीत ईओओ. पक्षी जिथं जिथं आहे त्यातले सगळ्यात बाहेरचे ठिपके घ्या, त्यांच्या भोवती दोरी ताणा, आत जेवढं येईल तेवढं क्षेत्र. दुसरं म्हणजे प्रत्यक्ष व्यापलेली जागा, एओओ. नकाशावर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि ज्या चौकोनात पक्षी खरंच आहे तेवढेच मोजायचे, एक चौकोन म्हणजे चार चौरस किलोमीटर.

समजा एखादा पक्षी फक्त तीन जागी आहे, कोयनानगरजवळ, मायणीच्या तलावावर आणि मिरजेकडच्या दंडोबाच्या डोंगरावर. दोरी ताणली तर त्रिकोण दोनेक हजार चौरस किलोमीटरच्या वर जाईल, मधे पाटण, कराड, विटा, तासगाव, द्राक्षबागा, साखर कारखाने, सगळं येईल. पण पक्षी प्रत्येक जागी एकेकाच चौकोनात असेल तर व्यापलेली जागा फक्त बारा चौरस किलोमीटर. मेसेजवाला यातला जो आकडा सोयीचा तो उचलतो. कमी दाखवायचं असेल तर बारा, "अहो भरपूर आहे की" म्हणायचं असेल तर दोन हजार.

आता हद्दी बघा. विस्तार २०,००० चौरस किलोमीटरच्या खाली असेल तर व्हीयूचा विचार होतो, ५,००० च्या खाली ईएन, १०० च्या खाली सीआर. हे आकडे नुसते वाचून डोक्यात बसत नाहीत, म्हणून आपल्या मापानं घ्या. सातारा जिल्हा १०,४८० चौरस किलोमीटर, सांगली जिल्हा ८,५७२, दोन्ही मिळून १९,०५२. म्हणजे एखाद्या पक्ष्याचं अख्खं जग सातारा आणि सांगली एवढंच असेल तरी तो जेमतेम व्हीयूच्या हद्दीत येतो. ईएनसाठी सांगली जिल्हासुद्धा मोठा पडतो, त्याच्या साठ टक्क्यांच्या आत सगळं बसायला पाहिजे. व्यापलेल्या जागेच्या हद्दी अजून कडक, व्हीयूला २,००० च्या खाली, ईएनला ५०० च्या खाली, सीआरला १० च्या खाली. कोयना अभयारण्य सव्वाचारशे चौरस किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे तेवढीच जागा व्यापलेला पक्षी ईएनच्या हद्दीत. आणि सागरेश्वर अभयारण्य १०.८७, म्हणजे सीआरची हद्द सागरेश्वरपेक्षाही लहान! दर उन्हाळ्यात जिथं हरणं बघायला पोरांना घेऊन जातो त्या टेकड्यांपेक्षा कमी जागेत एखाद्या जातीचा सगळा संसार.

पण नुसती जागा लहान म्हणून कोणी यादीत जात नाही. बी कसोटीत अजून तीन अटी आहेत आणि त्यातल्या निदान दोन लागतात. एक, जागा तुकड्या-तुकड्यांत फाटलेली आहे किंवा "लोकेशन" मोजकीच आहेत (व्हीयूला जास्तीत जास्त दहा, ईएनला पाच, सीआरला एकच). दोन, घसरण चालू आहे. तीन, संख्या प्रचंड वरखाली होते.

लोकेशन म्हणजे गाव नव्हे, हे नीट लक्षात घ्या. एकच संकट आलं तर जेवढ्या भागातले सगळे पक्षी एकदम सापडतील तो भाग म्हणजे एक लोकेशन. कृष्णेकाठच्या वेळूत, लव्हाळ्यात घरटी करणारा एखादा पक्षी असता, औदुंबरपासून सांगलीपर्यंत दहा गावात दिसणारा, तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाला पाणी टेकल्यावर त्याच्या दहाही गावातली घरटी एकाच आठवड्यात गेली असती. त्यामुळं पुराच्या धोक्यापुरतं ते सगळं मिळून एकच लोकेशन.

तर कोडमध्ये ईएनच्या पुढं बी१एबी आणि मग कंसात छोटा रोमन तीन असं काही दिसलं तर ते असं वाचायचं: बी१ म्हणजे विस्तार लहान, छोटा ए म्हणजे तुकडे किंवा मोजकी लोकेशन, छोटा बी म्हणजे घसरण चालू, आणि कंसातला आकडा सांगतो घसरण कशाची. एक म्हणजे विस्ताराची, दोन म्हणजे व्यापलेल्या जागेची, तीन म्हणजे अधिवासाची, मग तो आकसत असो किंवा खराब होत असो, चार म्हणजे लोकेशन किंवा उपसमूहांची, पाच म्हणजे पक्ष्यांच्या संख्येची. फक्त तीन असेल तर पक्षी कमी होताना कोणी मोजलेले नाहीत, जंगल कमी होताना दिसतंय. हा फरक चार्टवर लिहिला ना, तर परीक्षक उभा राहून बघेल.

सी आणि डी या संख्येच्या कसोट्या, एका दमात सांगतो. सी म्हणजे संख्या कमी आणि शिवाय घसरतीय, व्हीयू, ईएन, सीआर या क्रमानं हद्दी १०,००० आणि २,५०० आणि २५०. डी म्हणजे संख्या इतकी कमी की घसरण नसली तरी धोका, हद्दी १,००० आणि २५० आणि ५०. दोन्हीकडं मोजायचे ते फक्त प्रजननक्षम, जोडी करू शकणारे पक्षी, पिल्लं नाहीत. असल्या मेसेजमधला "जगात फक्त इतके" हा आकडा बहुतेक वेळा इथनं चोरलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो मोजलेला नसून अंदाजाचा पट्टा असतो, "इतक्या ते इतक्या", त्यातला छोटा आकडा उचलून पुढं "फक्त" चिकटवायचं की झालं काम. ई कसोटी गणिती मॉडेलवर चालते, नामशेष होण्याची शक्यता किती टक्के वगैरे. ती क्वचितच दिसते, सोडून द्या.

खाली स्क्रोल करा, तारखा बघा

कोडच्या आसपासच मूल्यांकनाची तारीख असते. प्रकाशित झाल्याचं वर्ष आणि मूल्यांकन केल्याची तारीख वेगळी असू शकते, चार्टवर मूल्यांकनाची तारीख टाका. नियमानं दहा वर्षांत एकदा तरी परत बघायला पाहिजे, त्याहून जुनं असेल तर पानावरच तसं लिहून येतं.

तिथंच आधीची मूल्यांकनं ओळीनं दिलेली सापडतात, पक्ष्यांची यादी बऱ्याचदा १९८८ पासून सुरू होते. इथं एक फसगत होते. समजा आधी व्हीयू होता आणि आता ईएन झाला, तर लगेच "परिस्थिती बिघडली" असं लिहू नका. बदल दोन प्रकारचे असतात, एक खरा, म्हणजे पक्ष्याचंच बरंवाईट झालं, आणि दुसरा आपल्या माहितीतला, म्हणजे नवीन जागा सापडली, जुना अंदाज चुकीचा निघाला, एका जातीच्या दोन जाती झाल्या. इथिओपियातला अँकोबर सेरिन बघा, १९७६ साली सापडला, १९७९ साली त्याचं वर्णन झालं, आणि बरीच वर्षं वाटत होतं की अँकोबरजवळच्या कड्यांच्या छोट्या पट्ट्यातच तो आहे. मग तो लांब उत्तरेला सिमियेन डोंगरातही सापडला. पक्षी काही वाढले नव्हते, ते तिथं आधीपासनंच असणार, वाढली ती आपली माहिती. हा पक्षी व्हीयूमध्ये आहे.

मग ट्रेंडचा बाण. खाली म्हणजे घसरण, आडवा म्हणजे स्थिर, वर म्हणजे वाढ, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे माहीत नाही. स्टेटस आणि ट्रेंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एलसी असून बाण खाली असलेले पक्षी ढिगानं आहेत.

नकाशा आणि धोके, इथं घाई करू नका

वारसांगली लिनेटचा नकाशा उघडला की सोमालियाच्या उत्तर कडेला, एडनच्या आखाताकडं तोंड करून उभ्या असलेल्या डोंगरात एक छोटासा डाग दिसतो. एरिगावो गावाच्या उत्तरेला दालो म्हणून जागा आहे, तिथला कडा एकदम खाली समुद्राकडं उतरतो, आणि समुद्रावरनं वर येणाऱ्या धुक्यावर तिथलं जुनिपर या सूचिपर्णी झाडांचं जंगल तगून आहे, आजूबाजूचा मुलूख कोरडा ठणठणीत. कासच्या पठारावर ऑगस्टमध्ये धुकं कसं कड्याखालनं वर चढतं ते बघितलंय त्याला कल्पना येईल, फक्त तिथं पाऊस आपल्या पासंगालाही पुरायचा नाही. असल्या जुनिपरच्या आणि झाडझुडपांच्या उंच पट्ट्यातच हा पक्षी राहतो, बिया खातो.

आता त्याचा धोका आपोआप कळतो. जुनिपर तुटलं, जनावरांनी नवीन रोपं चरून टाकली, की धुकं पकडायलाच झाड उरत नाही, आणि पक्ष्याला डोंगरावरनं खाली जायला जागा नाही कारण खाली त्याचं जंगलच नाही. १९९१ साली सोमालियाचं सरकार कोसळलं, तिथनं पुढं वनखातं कुठलं आणि गस्त कुठली, आणि बाहेरच्या अभ्यासकांना तिथं जाणंच अवघड, त्यामुळं गणतीही थोडी. पानावर धोक्यांच्या भागात लाकूडतोड, चराई असे शब्द दिसले की त्यामागं हे सगळं आहे असं समजून वाचा. शिकारी, पिंजरेवाले यांच्या नावानं बोटं मोडायची आपल्याला सवय आहे, पण प्रत्येक पक्ष्याचा शत्रू तोच नसतो.

तुलनेसाठी शेजारचा यमेन लिनेट बघा, आखाताच्या पलीकडचा, त्याचा जवळचा नातेवाईक. तोही डोंगरातलाच, त्याचाही मुलूख काही अवाढव्य नाही, तरी तो एलसी. मधे फक्त एक आखात.

दुर्मिळ म्हणजे धोक्यातच असं नाही

हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं म्हणून वेगळं लिहितोय. नायजेरियात जोस पठारावर रॉक फायरफिंच नावाचा लालसर पक्षी आहे, खडकाळ टेकड्यांवर राहणारा. १९९८ पर्यंत विज्ञानाला तो माहीतच नव्हता, आणि त्याचा पत्ता लागला तो दुसऱ्याच पक्ष्यामुळं. तिथला इंडिगोबर्ड कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो आणि मोठा झाल्यावर पाळणाऱ्या आईबापांच्या जातीचं गाणं गातो. त्याचं गाणं कुठल्याच माहीत असलेल्या फायरफिंचशी पूर्ण जुळेना, तेव्हा शोधाशोध झाली आणि मूळ गायक सापडला! इतका छोटा मुलूख, इतका उशिरा सापडलेला, आपल्यापैकी कोणी आयुष्यात बघायची शक्यता जवळपास नाही, पण स्टेटस एलसी. कारण घसरण दाखवणारं काही नाही.

आणि दुसऱ्या टोकाला आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरचा ग्रोसबीक, म्हणजे जाड चोचीचा पक्षी. १८८८ च्या सुमारास नमुने मिळाले आणि मग गायब, शंभर वर्षं कोणाला दिसला नाही, १९९१ मध्ये परत सापडला. २०१७ मध्ये जनुकीय अभ्यासातनं कळलं की हा ग्रोसबीक नाहीच, बेटावर राहून अवाढव्य झालेली कॅनरी आहे, जगातली सगळ्यात मोठी. हा सीआर. बेटाच्या जुन्या जंगलात, ओबो नॅचरल पार्कच्या भागात थोडेसे उरलेत. त्याचं जुनं पान शोधताना निओस्पिझा हे नाव दिसेल, आत्ताचं क्रिथाग्रा, म्हणून म्हटलं होतं की दुसरं नाव धरून शोधा, ते कॉनकलर आहे.

कायदा वेगळा, यादी वेगळी

रेड लिस्ट हा कायदा नाही, तिथं ईएन लिहिलं म्हणून कोणाला अटक होत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं सायटीस करारानं येतात, तो १९७५ पासून लागू आहे, त्याच्या परिशिष्टांत नाव आहे का ते वेगळं बघायचं. आणि आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव कायदा, त्यात रानातले भारतीय पक्षी पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं बेकायदा आहे, मग तो पक्षी रेड लिस्टवर एलसी का असेना. बाजारात कोणी रंगवलेल्या मुनिया "आफ्रिकन फिंच" म्हणून विकत असेल तर पंखाखाली रंग निघतोय का बघा, पाण्याचा हात लागला तरी कळतं, आणि सरळ वनखात्याला कळवा. आपली हिरवी मुनिया व्हीयूमध्ये गेलीय ती मुख्यतः या पिंजऱ्याच्या धंद्यामुळंच, तिच्या बाबतीत मात्र बोटं मोडायला हरकत नाही.

अजून एक, जागतिक स्टेटस आणि आपल्या भागातली परिस्थिती एक नसते. जगात एलसी असलेला पक्षी आपल्या तालुक्यातनं पार नाहीसा झालेला असू शकतो. भारतापुरतं बघायचं असेल तर स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स हा अहवाल काढा, २०२३ च्या अहवालात ९४२ जाती तपासल्यात आणि त्यातल्या १७८ ना संवर्धनात सगळ्यात वरचं प्राधान्य दिलंय. ते सगळं लोकांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर टाकलेल्या याद्यांवरनं केलंय, म्हणजे तुम्ही उसाच्या बांधावर उभं राहून पंधरा मिनिटांत केलेली मुनियांची मोजणीही त्यात जाते. फक्त यादी पूर्ण टाका, कावळा-साळुंकी सकट. नुसते भारी भारी पक्षी टाकले तर त्याचा उपयोग होत नाही.

चार्टवर काय लिहायचं

मराठी नाव, इंग्रजी नाव, शास्त्रीय नाव. मग "आययूसीएन रेड लिस्ट: संकटग्रस्त (ईएन)", पुढं कसोटीचा कोड पानावर जसा असेल तसाच्या तसा, मूल्यांकनाचं वर्ष, मूल्यांकन कोणी केलं ते, ट्रेंडचा बाण, आणि तुम्ही पान कधी उघडलं ती तारीख. खाली एका वाक्यात मुख्य धोका. फोटो ईबर्डच्या मॅकॉले लायब्ररीतनं बघा, जागा आणि तारीख फोटोबरोबर असते, सोमालिया लिहिलेलं आहे का तपासा, आणि छापायच्या आधी फोटोग्राफरची परवानगी आणि नाव घ्या. फोटो मिळालाच नाही तर पोरांना राखाडी, पांढरा आणि विटकरी असे तीन खडू द्या आणि वर दिलेल्या वर्णनावरनं चित्र काढून घ्या.